यंत्रावर गमावलेला हात

पत्र्याला दाबाने आकार देणाऱ्या यंत्रास पॉवर प्रेस म्हणतात. मोटारींचे सुटे भाग, विजेच्या उपकरणांची आवरणे, भांडी अशा असंख्य वस्तू या यंत्रावर तयार होतात. फरिदाबाद, लुधियाना, पुणे अशा औद्योगिक शहरांतील लहान कारखान्यांत ते सर्रास आढळते. त्यात एक जड चाक विजेच्या बळावर अखंड फिरत असते. कामगार साच्यावर पत्रा ठेवून पायपट्टी दाबतो. त्याबरोबर क्लच त्या चाकाची गती दट्ट्याला देतो आणि ठसा खाली येतो. जुन्या धर्तीच्या क्लचमध्ये ठसा एकदा सुटला की फेरी पूर्ण होईपर्यंत थांबवता येत नाही. क्लचची चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पायपट्टी न दाबताही तो पुन्हा खाली येतो. त्या क्षणी तयार भाग उचलण्यासाठी कामगाराचा हात साच्यावर असतो.

अशा अपघाताचे खापर कामगाराच्या निष्काळजीपणावर फोडणे सोपे असते. वस्तुतः तो टाळण्याचे उपाय जुनेच आहेत. साच्यापुढे जाळी बसविता येते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज यंत्र चालू नये, अशी योजना करता येते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धोकादायक भागांना संरक्षक आवरण सक्तीचे केले होते. परंतु जाळीमुळे कामाचा वेग कमी होतो आणि नगांवर हिशेब असला की जाळी काढून ठेवली जाते. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार, कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढले असेल, तर मृत्यू वा संपूर्ण कायम अपंगत्व वगळता मालकावर भरपाईचे दायित्व नव्हते. जाळी कोणी काढली, हा प्रश्न त्यामुळे निर्णायक ठरे; आणि साक्ष देणारे सोबती त्याच मालकाच्या पगारावर असत.

याच कायद्याला जोडलेल्या कोष्टकात प्रत्येक इजेमुळे कमाईची क्षमता किती घटते, याचे प्रमाण दिले होते. संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, अंगठा गेल्यास ३०, एका हाताची चार बोटे गेल्यास ५० आणि पंजा गेल्यास ६० टक्के. अशा कोष्टकामुळे वाद कमी होतात, हा त्याचा गुण होय. तथापि कोष्टक शरीर मोजते, व्यवसाय मोजत नाही. तर्जनी गमावलेला पहारेकरी आपले काम पुढे चालू ठेवू शकेल. प्रेसवरील कारागिराला मात्र बहुधा पुन्हा त्या यंत्रावर कोणी उभे करीत नाही.

हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मान्य केला. ओरिसातील एका सुताराचा डावा हात अपघातानंतर कापावा लागला होता. ही इजा अंशतः अपंगत्वाचीच आहे, असे मालकाचे म्हणणे होते. सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा त्याच्यापुरते हे अपंगत्व संपूर्णच होय, हा आयुक्तांचा निष्कर्ष न्यायालयाने कायम ठेवला. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, असेही सांगितले.

कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तीत मालकाऐवजी विमा महामंडळ भार उचलते: उपचार, रजेच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम आणि कायम अपंगत्व आल्यास आयुष्यभर मासिक लाभ. मात्र त्यासाठी कामगाराची नोंदणी झालेली असावी लागते. ठेकेदारामार्फत आलेल्या परप्रांतीय मजुराचे नाव कित्येकदा अपघात झाल्यावरच नोंदविले जाते.

२०२० मध्ये संसदेने हे दोन्ही कायदे इतर सात कायद्यांसह सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतले; ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. कोष्टकाची पद्धत तीतही कायम आहे. म्हणून जखमी कामगाराने तीन गोष्टी विसरू नयेत: अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्यावी, वेतनाचा पुरावा जपावा आणि आपण नेमके कोणते काम करीत होतो, हे पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहावे. इजा कोष्टकात असते; तिने हिरावलेले काम मात्र त्याला स्वतःच सिद्ध करावे लागते.