जळक्या तेलाचा डबा : गाळायला किती, डिझेल करायला किती?

बीड–परळी रस्त्यावरच्या तेलगाव, दिंद्रुड, सिरसाळा पट्ट्यात वडे-भज्यांच्या कढया रोज तापतात आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरही रात्रंदिवस पळतात. तेव्हा ‘या जळक्या तेलाचं डिझेल घरीच केलं तर?’ हे कुणाच्याही मनात येणारच. करता येतं. परवडतं का, ते 15 लिटरच्या एका डब्यावर पाहू.

आधी गाळणं. तेल कोमट करून मांजरपाटाच्या दुहेरी घडीतून तोटीच्या पिंपात सोडा आणि दोन दिवस पिंपाला हात लावू नका. पाणी आणि बेसनाचा चिकट गाळ तळाला बसतो. तोटी उघडून तो आधी काढून टाका. मग पळीभर तेल तव्यावर तापवा. तडतडलं तर पाणी अजून आहे. अशा वेळी सगळं तेल 105 अंशांपर्यंत नेऊन बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं. ही पायरी चुकवली की पुढे डिझेलऐवजी साबण हाती येतो. पिंप, कापड, थर्मामीटर मिळून साधारण हजार-बाराशे रुपये, तेही एकदाच.

गाळलेलं तेल स्वच्छ दिसतं, म्हणून परत कढईत मात्र ओतू नका. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले, तर ते तेल 1 जुलै 2018 पासून खाण्यासाठी बाद आहे, आणि हे घटक कापडाला अडत नाहीत.

आता डिझेलचा हिशेब. दर आपापल्या गावचे घाला. मी धरलेले असे. विकलं तर 50 रुपये लिटरने या तेलाचे 750 मिळाले असते. मिथेनॉल 3 लिटर, 240. कॉस्टिक सोडा तेलाच्या आंबटपणाप्रमाणे 100 ग्रॅमच्या आसपास, 10. गॅस 30. एकूण 1,030. मिथेनॉल-सोड्याने तेलातून सुटलेलं ग्लिसरीन खाली बसून, वरचं डिझेल धुऊन, वाळवून हाती 13 लिटर लागलं, तर लिटरला 79 रुपये पडले. पंपावरचं डिझेल 92 धरलं तर डब्यामागे सुटले 170 रुपये. त्यात तुमची मजुरी धरलेलीच नाही!

शिवाय मिथेनॉल हे विष आहे, घ्यायला परवाना लागतो. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनेच. ते 65 अंशांना उकळतं, वाफ झटकन पेटते आणि दिवसाउजेडी ज्योत धड दिसतही नाही. घराच्या ओट्यावर करायचं हे काम नव्हे. कच्चं डिझेल ट्रॅक्टरचा पंप आणि रबरी नळ्या खातं, ते वेगळंच.

माझं मत सरळ आहे : गाळा, पाणी काढा आणि विका. वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ऑगस्ट 2018 मध्ये ‘रुको’ योजना सुरू केली. तेल नेणाऱ्याकडे तिच्या नोंदणीचा कागद आणि पावती मागा. दोन्ही नसतील तर दोन रुपये जास्त देत असला तरी त्याला तेल देऊ नका. तेच तेल नव्या डब्यात भरून पुन्हा बाजारात येऊ शकतं.