शालेय उपस्थिती : कायदा आणि कर्तव्य

मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढले की आपली जबाबदारी संपली, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना तो मान्य नव्हता. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ साली ते साऱ्या संस्थानात लागू केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास तेथे दंड होत असे.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यात पालकास दंड नाही. गैरहजेरीसाठी मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढताही येत नाही. तथापि नुकसान टळत नाही. सुगीत गुरे राखण्यासाठी वा धाकटे भावंड सांभाळण्यासाठी घरी राहिलेल्या मुलाचा भागाकार बुडतो, पुढे अपूर्णांक उमगत नाहीत आणि अखेर शाळाच नकोशी होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी व बारावीच्या परीक्षेस तर ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. आजारपणासारख्या सबळ कारणाचा पुरावा असल्यासच सवलतीचा विचार होतो.

हजेरीवर देखरेख ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे, तर पालकांची सभा घेऊन त्यांना उपस्थितीची माहिती देणे हे शिक्षकांचे कर्तव्य होय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. मूल दोन-तीन दिवस दिसले नाही, तर त्यांनी घरी जाऊन चौकशी करावी. शाळा सुटलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे, हेही त्या घरी आवर्जून सांगावे.