जुन्या कानशीची सुरी

मुलांनो, नागपूरच्या मनीषनगरातून वर्धा रोडने दक्षिणेकडे गेलात, तर बुटीबोरीच्या परिसरात टाकळघाट हे गाव आहे. तेथे व खापा येथे नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ साली उत्खनन केले. त्यात फार प्राचीन लोखंडी वस्तू सापडल्या. याच जिल्ह्यातील नाईकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. लोहारकाम या मातीला नवे नाही.

त्या लोकांना दगडातून लोखंड काढावे लागे. तुम्हांला पोलाद आयते मिळते. एखाद्या सुताराकडे झिजलेली कानस मागून पाहा. उर्दूत तिला 'रेती' म्हणतात. मराठीत मात्र रेती म्हणजे वाळू, तेव्हा दुकानात जपून बोला! 'पोलाद' आणि तुमचा 'फौलाद' ही मात्र एकाच फारसी शब्दाची दोन रूपे आहेत.

चांगल्या कानशीच्या पोलादात शंभर भागांत एका भागाहून थोडा अधिक कार्बन असतो. म्हणून ती कडक असते. पण ठिसूळही असते. जोरात आपटली तर तुटते. सुरी अशी असून चालत नाही.

प्रथम कानस मऊ करावी लागते. ती भट्टीत लाल करून राखेत पुरा व रात्रभर हळूहळू निवू द्या. मग करवतीने आणि नव्या कानशीने पात्याचा आकार काढा. मुठीची भोके आताच पाडा. धारेची बाजू मात्र एक मिलिमीटर जाड ठेवा, नाहीतर पुढे पाते वाकेल.

आता खरे काम, म्हणजे पाणी देणे. पाते पुन्हा तापवा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवून ते कोमट तेलात सरळ बुडवा. म्हणायचे 'पाणी', पण वापरायचे तेल. कारण पाण्यात पाते तडकू शकते. उर्दूतही 'आब देना' म्हणतात, आणि आब म्हणजे पाणीच. तेल पेट घेऊ शकते. कार्यानुभवाचे सर समोर नसतील, तर हे काम मुळीच करू नका.

येथे घाईची माणसे थांबतात आणि सुरी मोडून बसतात. पाते आता पुन्हा कानशीसारखे ठिसूळ झालेले असते. ते घासून चकचकीत करा आणि दोनशे अंशांच्या आसपास तापवा. चकाकीवर रंग उमटू लागतील. आधी फिकट पिवळा, मग गव्हाच्या काडासारखा सोनेरी. येथेच थांबा. पुढे तपकिरी, जांभळा आणि निळा येतो. निळ्या रंगापर्यंत गेलेले पाते स्प्रिंगसारखे लवचीक होते, पण त्याची धार टिकत नाही.

मूठ सागाच्या दोन तुकड्यांची करून पितळेच्या रिव्हेटने पक्की बसवा. शेवटी ओल्या दगडावर धार लावा. कोरड्या ग्राइंडरवर पाते तापले, तर दिलेले पाणी उतरते.

सुरी अम्मीला देण्यापूर्वी एक पिकलेला टोमॅटो कापून पाहा. न दाबता साल कापली गेली, तर धार बरोबर लागली. महिन्याने पुन्हा पाहा. तेव्हाही तशीच कापली गेली, तर पाणीही बरोबर बसले.