संदेश की संकेत? : एका संज्ञेचा विचार

‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे आणि हिंदीच्या अर्थशास्त्रीय परिभाषेसाठी झटणारे मराठीभाषक माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची रायपूर ही कर्मभूमी. परिभाषेची ती चिकित्सा आज जीवशास्त्रातही आवश्यक आहे. रोगप्रतिकारक पेशींना घडविणारे रेणू ‘संदेशरेणू’ की ‘संकेतरेणू’?

अस्थिमज्जेतून थायमस ग्रंथीत आलेल्या अपक्व पेशीतील ‘नॉच’ हा ग्राही उद्दीपित झाला, की ती टी-पेशी होण्याच्या मार्गाला लागते. तो उद्दीपित न झाल्यास तेथे बी-पेशी निपजतात. मज्जासंस्थेच्या पूर्वज पेशींत मात्र हाच नॉच चेतापेशी होण्याची क्रिया रोखून धरतो. संदेशाचा अर्थ पाठविणारा ठरवितो. संकेताचा अर्थ ग्रहण करणाऱ्याच्या अवस्थेवर अवलंबून असतो. म्हणून ‘संकेतरेणू’ हीच संज्ञा यथार्थ होय.