तान्ह्या बाळाची कावीळ आणि रक्ताची साक्ष

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळास दिसणारी कावीळ बहुधा निरुपद्रवी असते व आठ-दहा दिवसांत ओसरते. परंतु दोन आठवडे उलटूनही डोळ्यांतील पिवळेपणा हटत नसेल, लघवीने दुपटे पिवळे होत असेल आणि शौचाचा रंग खडूसारखा पांढुरका असेल, तर यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नलिकाच बुजल्या असण्याचा संभव असतो. असे बाळ पुष्कळदा अंगाने चांगले भरलेले दिसते. घरची मंडळी येथेच फसतात, आणि काविळीची माळ घालण्यात मोलाचे दिवस जातात.

पहिला उलगडा रक्ताच्या साध्या तपासणीने होतो. काविळीचा पिवळा रंग बिलिरुबिन या द्रव्याचा. यकृताने प्रक्रिया केलेला त्याचा भाग 'डायरेक्ट' म्हणून मोजतात. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात तो १ मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास ती नेहमीची कावीळ नव्हे. अहवालात केवळ एकूण आकडा असेल, तर पालकांनी हा दुसरा आकडा अवश्य विचारावा.

या विकारावरील शस्त्रक्रिया जपानमधील सेंदाई येथील डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० नंतरच्या दशकात सिद्ध केली. तीत निकामी नलिका काढून आतड्याचा भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडतात. बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी ती झाल्यास यशाची आशा अधिक. पुढे काय होणार, हेही रक्तच सांगते. उत्तर अमेरिकेतील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत ज्यांचे एकूण बिलिरुबिन २ मिलिग्रॅमखाली आले, त्यांपैकी शेकडा ८६ बालके दोन वर्षांची होईतो स्वतःच्या यकृतावर जगली. इतरांत हे प्रमाण शेकडा २० होते. आकडा उतरला म्हणजे रोग गेला, असे मात्र नव्हे. अशा कित्येकांना मोठेपणी यकृतारोपण करावेच लागते. आकडा न उतरल्यास त्याची तयारी लवकर आरंभता येते, हा या तपासणीचा खरा उपयोग.

तैवानात २००४ पासून शौचाच्या रंगांचा तक्ता बालकाच्या आरोग्यपुस्तिकेत देतात. आई तो दुपट्याशी ताडून पाहते. आपल्याकडे आशा कार्यकर्त्या चौदाव्या व एकविसाव्या दिवशी घरी येतात. त्या वेळी बाळाच्या वजनाबरोबर दुपटेही दाखवावे, धुण्यापूर्वी.