सतरा नंबरचा फॉर्म

डोंबिवली

चि. वैशालीस,


काल दादाचा फोन आला. दहावीला बाहेरून बसायचं म्हणून तू शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढलास, पण तो आठ दिवस ट्रंकेतच पडून आहे, असं म्हणाला. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू ‘बघू गं आत्या’ म्हणून विषय मिटवला असतास.

तू अभ्यासाला घाबरणारी नाहीस. तुला लाज वाटते आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी, तिसरीतल्या मुलाच्या आईनं पाटी-पुस्तक घ्यायचं, तर आळी काय म्हणेल?

ही लाज मी जवळून पाहिली आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी लालबागच्या रात्रशाळेत शिकवायला नुकतीच लागले होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि पुष्कळांची गिरणी कायमची सुटली. साचेखात्यातले चाळिशीचे एक गृहस्थ आठवीच्या वर्गात येऊन बसू लागले. घरी सांगत, काम शोधायला जातो. पुस्तकं डब्याच्या पिशवीत. अपूर्णांक आले की मान खाली. एकदा त्यांनी टेबलावरचा फडका सहज चाचपला आणि इंचात उभे-आडवे धागे किती, कुठे विरळ पडलेत, ते घडाघडा सांगितलं. हिशेब त्यांना येतच होता; कागदावर मांडायची सवय तेवढी नव्हती. त्या दिवसापासून मी अपूर्णांक कापडावरून शिकवले आणि त्यांची मान वर आली.

तुझ्याकडेही असं कापड आहे. नवऱ्याच्या आजारपणात दोन वर्षं तू एक वही ठेवलीस: औषधांच्या वेळा, साखरेचे आकडे, लघवीचं माप, ताप. मी ती पाहिली आहे. एकही दिवस गाळलेला नाही. कोरी पाटी घेऊन निघाल्यासारखं स्वतःकडे बघू नकोस.

तुला नर्सच व्हायचं आहे, तर वाट नीट समजून घे. एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिकेच्या शिक्षणाला, बारावी लागते, पुढे दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वयाची अट असते, ती आत्ताच विचारून ठेव. ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा पाट्या लावणाऱ्यांकडे वळू नकोस. कर्ज काढून असली फी भरलेल्या बाया माझ्याकडे रडत आल्या आहेत. हातात कागद होता, पण त्यावर नोंदणी होईना. पैसे भरण्याआधी नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, एवढं विचारायचंच.

अभ्यासाला पहाटेचा एक तास पुरे, पण रोज. गणित वाचायचं नाही, लिहायचं. आणि मुलापासून लपवू नकोस. तो गृहपाठ करतो तिथेच शेजारी वही उघडून बस.

हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले तुला ठाऊक असतील. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, त्यानंतर त्या शिकल्या, अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव निधी मागत हिंडल्या. १९१८ साली, पन्नाशीला आल्या असताना, इंग्रजी शिकायला त्या थेट अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. त्या काळी आळीनं काय म्हटलं नसेल! त्या बोलण्याची आठवण आज कुणालाच नाही.

उद्या दाखला बाहेर काढ. जवळच्या शाळेत जाऊन, बाहेरून बसणाऱ्यांसाठी असलेल्या सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत विचार. आणि एक ध्यानात ठेव, फॉर्मवर नाव दाखल्यावर आहे तसंच घालायचं, माहेरचं. नववीत ज्या मुलीची शाळा सुटली, तिच्याच नावानं दहावीचा निकाल येऊ दे.

फी मी पाठवते आहे. दादाला सांगू नकोस, रागावेल.

तुझी,
आत्या