ग्रेगसाहेबांची बॅट आणि बाळूंचा चेंडू

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या गावी ज्याची बॅट त्याची पहिली पाळी, असा न्याय होता. माझ्याजवळ बॅट नव्हती. त्यामुळे गोलंदाजी करणे आणि बाभळीच्या काट्यांतून चेंडू शोधून आणणे एवढेच माझ्या वाट्याला येई. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. देगलूरला आल्यावर क्रिकेटच्या इतिहासाचे वाचन करू लागलो, तेव्हा हाच न्याय मला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात भेटला.

जॉन ग्लेनी ग्रेग हे इंग्रज लष्करी अधिकारी. त्यांचा जन्म १८७१ साली महू येथे झाला. ‘जे. जी.’ या आद्याक्षरांवरून त्यांना ‘जंगली’ असे टोपणनाव पडले. १९०१ साली इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून लँकेशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४९ धावा काढल्या. उतारवयात ते कॅथलिक धर्मगुरू झाले. ग्रेग हौशी खेळाडू होते, म्हणजे खेळण्याचे पैसे घेत नसत. परंतु साहेबांच्या हौसेलाही कोणाचे तरी श्रम लागतातच.

पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात ते श्रम पालवणकर बाळू करीत. चर्मकार समाजातले हे तरुण खेळपट्टीची निगा राखीत, सरावाची जाळी बांधीत आणि साहेबलोकांना चेंडू टाकीत. ग्रेगसाहेब सरावाला लवकर येत. बाळूंनी त्यांना बाद केले की दरवेळी आठ आणे देत, असे सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. सराव साहेबांचा झाला, शिक्षण बाळूंचे झाले!

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू मैदानात हाताळीत. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी मिळविले. तरीही कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, ग्रेगसाहेबांचे कर्तृत्व लहान नव्हते. पण त्यांच्या धावा वाचताना समोर चेंडू टाकणारा हात मला दिसू लागला. गावी सुट्टीत खेळताना पहिली पाळी आता बॅट नसलेल्या मुलांना द्यायची, असे मी ठरविले आहे.